दादरच्या भाकरीला मोजमाप हवं का?

प्रश्न : ताई, उन्हाळ्यात आमच्या ह्यांना शुगर निघाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, गहू बंद कर, ज्वारी चालू कर. तेव्हापासून दोन्ही वेळ दादर ज्वारीची भाकरी. ज्वारीत साखर नाही म्हणून हे चार-चार खातात, तरी जेवणानंतरची शुगर उतरत नाही. पीठ मी बारीक चाळणीने चाळते, नाहीतर थापताना भाकरी चिरते. रविवारच्या गव्हाच्या तळलेल्या बट्ट्याही बंद करू का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, दादर सोडू नका, पण तिला औषधही समजू नका. १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं (पचल्यावर त्यांचीच साखर होते) साधारण ६८ ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ६४. तंतू, म्हणजे फायबर, दोन्हींत दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे काकूंनी गव्हावर उगाच आळ घेतला. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून ४० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, आणि आपल्याकडची भाकरी एवढी लहान असते कुठे! भाऊंना दोनच वाढा. ताटातली रिकामी जागा पोकळ्याची पालेभाजी, वांग्याचं भरीत आणि घट्ट डाळीने भरा.

आता चाळणी. तंतू मुख्यतः कोंड्यात असतात, आणि तो तुम्ही बाजूला काढता. घरात म्हैस असेल तर तिची चंगळ! मैद्यात जेमतेम पावणेतीन ग्रॅम तंतू उरतात, तेही कोंडा गेल्यामुळेच. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यात पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी चिरते. आठवड्यापुरतंच दळून आणा. पाणी उकळतं घ्या, एका भाकरीपुरतंच पीठ भिजवा आणि परातीत तळहाताने चांगलं रगडा. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली तर पाण्याचा हात लावून आणखी रगडा.

त्याहून सोपं म्हणजे कळणा, ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं पीठ. किलोभर ज्वारीला पाव किलो उडीद, सालासकट. अख्ख्या उडदात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम तंतू, साल काढलेल्या डाळीत १२. शिवाय उडदाच्या चिकटपणाने भाकरी फाटत नाही. दळताना खडेमीठ घालतात, ते भाऊंना बीपी असेल तर बेताने.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. पण एकदम वाढवू नका, पोट फुगेल. हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्यायला लावा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त नकोत.

बट्ट्यांचं म्हणाल तर जाडसर दळलेल्या गव्हाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तळणीशी, वरून ओतलेल्या तुपाशी आणि ‘अजून एक घ्या’ या आग्रहाशी. उकडून तव्यावर थोड्या तुपात परता. भाऊंच्या ताटात एक बट्टी, वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी दुप्पट. त्या दिवशी भात नको.