वीज आयोगाच्या बैठकीला साध्या ग्राहकाला बसता येतं का?

तुम्ही विचारलंय, विजेचा दर ठरवणाऱ्या आयोगाच्या बैठकीला आपल्यासारख्याला बसता येतं का. वीज कंपनीच्या दराच्या अर्जावर आयोग लोकांचं म्हणणं ऐकतो, त्या सुनावणीला येतं. पण सुनावणीनंतर सदस्य आपसात बसून निर्णय करतात, तिथे प्रवेश नाही. म्हणून नुसतं जाऊन बसू नका, आधी लेखी हरकत द्या.

मी बेळगावात वडगावला राहतो, घरी चार माग आहेत. वीज हेस्कॉम या वीज कंपनीची, दर ठरवतो बेंगळुरूचा कर्नाटक वीज नियामक आयोग. पहिल्या खेपेला हुबळीच्या सुनावणीला नुसता ऐकून आलो. पुढच्या वर्षी मुदतीत हरकत दिली आणि तीन महिन्यांची वही जोडली: वीज किती वाजता गेली, कधी आली, किती साड्या खराब झाल्या. माग चालू असताना वीज गेली की आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकतो, ताण्याचे म्हणजे उभे धागे तुटतात. ते सांधत बसायचं, आणि एवढं करूनही साडीवर आडवा पट्टा राहतोच. व्यापारी तो पट्टा बोटाने दाखवून पैसे कापतो. नाव पुकारल्यावर मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये हेच सांगितलं. सगळ्यांसमोर हेस्कॉमच्या अधिकाऱ्यांना त्यावर उत्तर द्यावं लागलं. दर कमी झाला नाही, पण माझा मुद्दा आणि त्यांचं उत्तर कागदावर आलं. पुढच्या वर्षी मी तेच उत्तर धरून बोललो.

हरकतीला वजन आहे ते वीज कायदा 2003 च्या कलम 64 मुळे. कंपनीने दराचा अर्ज जाहीर करायलाच हवा, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत निकाल द्यायचा. कलम 86(3) पारदर्शक कारभार सांगतं, पण सदस्यांची चर्चा लोकांसमोर व्हावी असं त्यात म्हटलेलं नाही. अमेरिकेत 1976 पासून केंद्रीय आयोगांसाठी तसा कायदा आहे. बैठक साधारणपणे आठवडाभर आधी जाहीर करावी लागते, आणि दार बंद ठेवायचं तर कायद्यात दिलेल्या दहा कारणांत बसवून त्यावर सदस्यांचं मतदान घ्यावं लागतं. आपल्याकडेही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. आमचं बिल कुठल्या सदस्याने काय म्हटल्यामुळे वाढलं, हे आम्हाला कळायला नको का?

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण. मी पाहिलेल्या नोटिसा कन्नड आणि इंग्रजी पेपरात होत्या, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या माणसांना मुदत संपल्यावर कळतं. कन्नड वाचणारा एखादा पोरगा या कामाला लावा, आणि हरकत दिल्यावर पोच घेतल्याशिवाय हलू नका.