रोबोटिक गुडघेबदल शस्त्रक्रियेत रोबोट स्वतः हाड कापतो का? आणि त्यामुळे निकाल खरंच चांगला येतो का?

आज प्रचलित असलेल्या बहुतेक यंत्रांत करवत सर्जनच चालवतो. रोबोट मोजतो आणि आखलेल्या हद्दीत ठेवतो. माको यंत्रात करवत रोबोटच्या हाताला बसवलेली असते आणि तिला हद्दीबाहेर जाऊ दिलं जात नाही. रोझा हे दुसरं यंत्र फक्त कापण्याचा साचा ठरलेल्या कोनात धरून ठेवतं. चीर, सिमेंट, टाके हे सगळं नेहमीसारखंच.

माझ्या मते सगळी मदार नोंदणीवर, म्हणजे रुग्णाचं हाड नेमकं कुठे आहे हे यंत्राला ओळखून देण्यावर, आहे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना घालून ट्रॅकर बसवतात, ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतात. पाय गोल फिरवून खुब्याचा मध्य काढतात, घोट्याच्या दोन्ही बाजू टिपतात, मग हाडाच्या पृष्ठभागावर कितीतरी बिंदू प्रोबने (टोकदार सळईने) टिपतात. आधी सीटी स्कॅन करून आखणी केली असेल तर प्रोबचं टोक कूर्चा (हाडावरचं मऊ आवरण) भेदून हाडाला लागलंच पाहिजे, कारण सीटीवरचं मॉडेल हाडाचं असतं. टोक वरच टेकलं तर कूर्चेच्या जाडीएवढी चूक थेट मापात उतरते.

खरा फायदा यानंतर दिसतो. हाड कापण्याआधीच पाय सरळ ठेवून आणि 90 अंशांत वाकवून, अस्थिबंध ताणून, दोन हाडांमधली आतल्या व बाहेरच्या बाजूची फट मिलिमीटरमध्ये पडद्यावर दिसते. काप एका अंशाने तिरका केला की दोन बाजूंच्या फटीत जेमतेम एका मिलिमीटरचा फरक पडतो. हे आधी कळल्यामुळे अस्थिबंध सैल करण्याची गरज अनेकदा कमी होते.

बिघडतं कुठे? ठिसूळ हाडात पिना सैल होतात, किंवा कुणाचा तरी धक्का ट्रॅकरला लागतो. पडद्यावर सगळं ठीक दिसत राहतं, माप मात्र चुकलेलं असतं. म्हणून हाडात खुणेचा बिंदू ठेवून प्रत्येक कापाआधी तो तपासायचा असतो. कडक झालेल्या हाडावर पातळ पातं वाकतं, म्हणून कापल्यावरही सपाट प्रोबने खात्री करावी लागते. पिनेच्या भोकातून हाड मोडणं क्वचित घडतं, पण घडतं.

निकालाबद्दल स्पष्ट सांगतो: काप जास्त अचूक येतात, ठरवलेल्या रेषेपासून 3 अंशांहून जास्त चुकलेले गुडघे कमी होतात. पण संपूर्ण गुडघेबदलात काही वर्षांनंतरचं दुखणं, चालणं किंवा सांध्याचं आयुष्य यांत पारंपरिक पद्धतीपेक्षा ठोस फरक अजून सिद्ध झालेला नाही. जंतुसंसर्ग आणि रक्ताची गाठ यांचा धोका रोबोट असला तरी राहतोच, आणि गुडघा आखडू नये म्हणून व्यायामही तितकेच करावे लागतात.

त्यामुळे सर्जनला यंत्राच्या नावापेक्षा हे विचारा: नोंदणी मध्येच बिघडली तर पुढे काय कराल? "पुन्हा नोंदणी करू, नाही जमली तर नेहमीचे साचे वापरून पूर्ण करू" असं उत्तर न अडखळता आलं, तर माणूस दोन्ही पद्धतींत तयार आहे.