पापा, पताता की बाताता?

प्रश्न असा आहे : इंग्रजी पाककृती स्पॅनिशमध्ये नेताना ‘पोटॅटो’ आणि ‘स्वीट पोटॅटो’ला काय म्हणायचं? एका कोशात ‘पापा’ सापडतं, दुसऱ्यात ‘पताता’. आणि ‘बाताता’ म्हणजे आपला बटाटाच ना?

शेवटचं आधी घेऊ, कारण मराठी माणसाचा पाय नेमका तिथेच घसरतो. स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ म्हणजे रताळं. ब्युनोस आयर्सच्या भाजीवाल्याकडे बाताता मागितलात तर रताळीच हातात पडतील. तिथे ‘दुल्से दे बाताता’ नावाची रताळ्याची घट्ट वडी मिळते. तिचा काप चीजच्या कापासोबत खातात.

हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला, आणि तो रताळ्याचाच. स्पॅनिश लोकांना तिथे आधी रताळं भेटलं. बटाटा त्यांनी पुढे अँडीजच्या डोंगराळ भागात पाहिला, तिथल्या केचुआ भाषेत तो ‘पापा’. स्पेनमध्ये दोन्ही नावांची सरमिसळ होऊन ‘पताता’ तयार झाला असं मानतात. इंग्रजी ‘पोटॅटो’ही याच घराण्यातला, आणि सुरुवातीला तोही रताळ्यालाच म्हणत. पोर्तुगीजांनी मात्र ‘बाताता’ हे नाव बटाट्याला दिलं आणि रताळ्याला ‘गोड बाताता’ म्हटलं. आपल्याकडे शब्द आला तो पोर्तुगीजांकडून, म्हणून आपला बटाटा बटाटाच राहिला.

आता वापराकडे येऊ. बटाट्याचं गणित सोपं आहे : स्पेनच्या मुख्य भूमीवर पताता, सगळ्या लॅटिन अमेरिकेत पापा. अपवाद स्पेनमध्येच आहेत. कॅनरी बेटांवर पापाच म्हणतात (सालीसकट खारट पाण्यात उकडलेले तिथले ‘पापास आर्रुगादास’ प्रसिद्ध आहेत) आणि दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतातही पापा सर्रास ऐकू येतं. पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, 1971 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्राच्या स्पॅनिश नावातही पापाच आहे.

खरी गुंतागुंत रताळ्याची. मेक्सिको, मध्य अमेरिका, पेरू, चिली इथे ‘कामोते’, हा मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आला. अर्जेंटिना, कोलंबिया, प्वेर्तो रिको इथे ‘बाताता’. क्युबा आणि उरुग्वेत ‘बोनियातो’. स्पेनमध्ये बोनियातो आणि बाताता दोन्ही. ‘पापा दुल्से’ असं शब्दशः भाषांतर केलं तर लोकांना कळतं, पण ते इंग्रजीवरून उचललंय हेही लगेच कळतं. मी तरी ते टाळीन. वाचक एकाच देशातला असेल तर तिथला एकच शब्द शेवटपर्यंत ठेवा. पाकिटावरचा मजकूर अनेक देशांत जाणार असेल तर ‘कामोते’ लिहून कंसात ‘बाताता, बोनियातो’ द्या. तिथे जागेची काटकसर करू नका.

तळलेल्या बटाट्यालाही जपा. स्पेनमध्ये ‘पतातास फ्रितास’ म्हणजे गरम फ्रेंच फ्राइज आणि पाकिटातले वेफर्स, दोन्ही. मेक्सिकोत फ्राइजना ‘पापास आ ला फ्रान्सेसा’ म्हणतात. त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर ब्रिटिश की अमेरिकन हे आधी पाहा, कारण ‘चिप्स’चा अर्थ तिथेच बदलतो : ब्रिटिशांचे चिप्स म्हणजे फ्राइज, अमेरिकनांचे म्हणजे वेफर्स.

लिंग आणि आघात चुकला तर अर्थच पालटतो. ‘ला पापा’ बटाटा, ‘एल पापा’ म्हणजे पोप, आणि शेवटच्या स्वरावर तिरकं आघातचिन्ह दिलं की बाबा. मेनूकार्डावर हे चिन्ह चुकून पडलं तर ‘बाबांचं भरीत’ होतं. उलट्या बाजूने, वडिलांना लिहिलेल्या शुभेच्छापत्रात ते गाळलं तर वडिलांचा बटाटा होतो.

वाक्प्रचार तर शब्दशः नेऊच नका. अर्जेंटिनात एखादं काम ‘पापा’ आहे म्हणजे हातचा मळ. स्पेनमध्ये एखादी वस्तू ‘पताता’ आहे म्हणजे ती अगदीच सुमार. आणि माद्रिदमध्ये फोटो काढताना कुणी ‘पताता!’ म्हणालं, तर फक्त हसायचं असतं.