मुलीचा आठवडा मांड

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

मुलीचा ताबा आणि भेट यांसाठीच्या तुझ्या अर्जाचा मसुदा शेवटपर्यंत वाचला. त्यात साखरपुड्यातील रुसवेफुगवे आहेत, सासऱ्यांची बोलणी आहेत, दागिन्यांचा हिशेब आहे, पत्नीने मध्यरात्री पाठवलेले संदेश तारीखवार उतरवून काढलेले आहेत. तुझी सहा वर्षांची मुलगी मात्र अगदी शेवटी शेवटी, तीही ‘सदर अज्ञान अपत्य’, म्हणजे अल्पवयीन मूल, म्हणून, एकदा डोकावते आणि पुन्हा दिसत नाही. तू दुखावला आहेस हे मला पानोपानी जाणवले, आणि त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण हा अर्ज असाच दाखल करणार असशील तर मला विचारण्याची गरज नव्हती.

सोबतच्या चिठ्ठीतला एक प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो वाचून माझा पारा चढला. पोटगी थांबवली तर भेट मिळेल का, असे तू विचारतोस. मिळणार नाही. पोटगी मुलीच्या पोटाची आहे, भेट तिच्या मनाची आहे. एकीला दुसरीच्या बदल्यात वापरणारा बाप न्यायाधीशांच्या नजरेतून त्याच दिवशी उतरतो. पैसे दर महिन्याला, ठरल्या तारखेच्या आत, बँकेमार्फत जाऊ देत. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेली कित्येक वर्षे न्यायालयात वकिलाशिवाय स्वतः उभ्या राहणाऱ्या बापांना मी एकच गोष्ट सांगत आलो आहे आणि ती सांगण्याचा मला अजून कंटाळा आलेला नाही: न्यायालयापुढे मुलीचा आठवडा मांड. तुमच्यापैकी चांगला जोडीदार कोण होता, हे या अर्जात ठरायचे नसते. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे कलम १७ आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे कलम १३ या दोन्हींचा रोख अपत्याच्या कल्याणाकडे आहे, आणि कल्याण ही हवेत तरंगणारी वस्तू नाही; ते सोमवार ते रविवार या सात दिवसांत घडते किंवा बिघडते. तिची शाळा किती वाजता सुटते? तिला घरी कोण आणते? दुपारी ती झोपते का? गृहपाठाला कोणाजवळ बसते? धाप लागली तर कोणते औषध, किती, आणि ते दप्तराच्या कोणत्या कप्प्यात असते? या प्रश्नांची उत्तरे तुझ्या मसुद्यात कुठेही नाहीत. ती तुला ठाऊक असतील तर लिही. ठाऊक नसतील तर पत्नीचे संदेश उतरवण्यात घालवलेल्या रात्री ती मिळवण्यात घालवायला हव्या होत्या.

पुकारा झाल्यावर काय होते ते तू अजून पाहिलेले नाहीस. न्यायाधीशांसमोर त्या दिवसाच्या बोर्डावरचे गठ्ठे असतात, बाजूला कारकून पुढची फाइल काढत असतो, आणि तुला जेमतेम काही मिनिटे मिळतात. माझ्या वेळी न्यायाधीशांनी मान वर न करताच विचारले होते, “नेमके काय हवे?” मी एकच कागद पुढे केला. त्यावर सात रकाने होते. मुलाची शाळा, तबल्याचा वर्ग, जेवणाची आणि झोपेची वेळ पेनने भरलेली होती आणि जिथे मी मावू शकत होतो ते दोन तुकडे पेन्सिलीने रेखले होते: दुसरा व चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आजोळच्या इमारतीच्या फाटकाशी घेणे आणि तेथेच सोडणे. समोरचे वकील माझ्या आरोपांना उत्तर देण्याची जय्यत तयारी करून आले होते, पण अर्जात आरोपच नव्हते. शेवटी त्यांचा वाद सहा वाजण्याऐवजी पाच वाजता मूल परत सोडावे एवढ्यावर आला. साडेपाच ठरले. आदेश लिहायला न्यायाधीशांना माझ्या कागदापलीकडे काही शोधावे लागले नाही, आणि स्वतः उभ्या राहणाऱ्या पक्षकाराची मोठी मदत हीच असते की, आदेशाची वाक्ये तो जवळजवळ तयारच करून नेतो.

तू विचारतोस, ताबा मागू की भेट. माझे उत्तर तुला आवडणार नाही. मी ताबा मागितला नव्हता. माझ्या भावांनी त्याला शरणागती म्हटले, एका काकांनी तर ‘बाईपुढे हात टेकले’ असे चारचौघांत सुनावले, आणि आजही एखाद्या लग्नकार्यात कोणीतरी तो विषय काढतोच. मी तेव्हाही त्यांना हेच सांगितले आणि आताही सांगतो की, मुलगा आईजवळ नीट वाढत होता, त्याची शाळा तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, मी सकाळी आठला बाहेर पडत होतो, आणि त्याला माझ्या घरी आणून दिवसभर कोणाच्या तरी हवाली करणे हा माझा विजय ठरला असता, त्याचा आठवडा मात्र मोडला असता. ताबा मागणारे सगळेच बाप चूक असतात असे मी म्हणत नाही. आई मुलाची आबाळ करत असेल किंवा त्याला मारझोड होत असेल तर ताबा मागायलाच हवा आणि हिरीरीने मागायला हवा. पण तुझ्या मसुद्यात मला तसे एकही वाक्य सापडले नाही. तिथे ताबा हा शब्द दंड म्हणून आला आहे, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते.

शिवाय आज लहान मागितले म्हणजे कायमचे लहान मिळाले असे नसते. ताब्याचे आदेश स्वभावतःच अंतिम नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ सालीच सांगितले आहे. आज दोन शनिवार नीट पार पाडणाऱ्या बापाला उद्या मुक्काम मागता येतो, परवा सुट्टीचा अर्धा भाग. पहिल्याच फटक्यात सगळे मागणाऱ्याला अनेकदा मधल्या दोन वर्षांत तारखांखेरीज काही मिळत नाही, आणि ती दोन वर्षे कोणी परत देत नाही. माझ्याच बाबतीत दोन शनिवारांच्या मधल्या काळात मुलाचा आवाजही कानी पडत नसे, कारण आदेशात फोनची ओळ घालावी हे तेव्हा कोणाला सुचलेच नव्हते. त्याच्या अक्षराचे वळण बदलल्याचे मला एकदा त्याची वही हातात आली तेव्हा कळले. ही खंत माझ्याबरोबर राहील. तुला ती बाळगण्याचे कारण नाही. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने भेटीचे स्वरूप, पद्धत आणि तपशील आदेशात स्पष्ट असावेत असे म्हटले आहे, आणि ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला रोज पाच ते दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे असेही म्हटले आहे. म्हणून फोन माग, व्हिडिओ कॉल माग, आणि वेळ लिहून माग. ती वेळ तिच्या जेवणाची किंवा झोपेची नसावी. पुन्हा तेच: त्यासाठी तिचा आठवडा ठाऊक हवा.

वकिलाशिवाय उभे राहावे की नाही, याची तुला वाटते तेवढी धास्ती बाळगू नकोस. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे त्या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा कोणाचाच हक्क नाही. न्यायालयाला गरज वाटल्यास ते न्यायमित्राचे, म्हणजे न्यायालयाला मदत करणाऱ्या कायदेतज्ज्ञाचे, साहाय्य घेऊ शकते. व्यवहारात परवानगी मिळते आणि समोर वकील उभा राहतो, हे गृहीत धरून चाल. एकटेपणाचे म्हणशील तर इंग्लंडमध्ये १९७० च्या मॅकेन्झी खटल्यापासून शेजारी बसून टिपणे घेणारा, हळूच आठवण करून देणारा सोबती स्वतः उभ्या राहणाऱ्या पक्षकाराला नेता येतो, आणि अशा सोबत्याला आजही त्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे असा रुळलेला प्रघात नाही. वकील नसलेल्या व्यक्तीला एखाद्या प्रकरणात उभे राहू देण्याची मुभा १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३२ ने न्यायालयाला दिली आहे, पण ती मागणे तुझ्यासाठी गरजेचे आहे असे मला वाटत नाही. एखाद्या वकिलाकडून मसुदा एकदा तपासून घे, त्याची फी दे, आणि बोल मात्र स्वतः. उलटतपासणीपर्यंत गोष्ट गेली तर पुन्हा विचार कर. ते काम हौशी माणसाचे नाही.

अर्ज कुठे करायचा, यातही तुझा घोळ झाला आहे. १८९० च्या कायद्याखाली जायचे असेल तर कलम ९ प्रमाणे मुलगी सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या न्यायालयात जावे लागते; तू कुठे राहतोस याला तिथे किंमत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाची याचिका आधीच चालू असेल तर त्याच न्यायालयात कलम २६ खाली अंतरिम अर्ज देता येतो. कौटुंबिक न्यायालयात १९८४ च्या अधिनियमाच्या कलम १४ मुळे पुराव्याचे नियम सैल आहेत हे खरे, पण म्हणून संदेशांची थप्पी लावू नकोस. मोबाइलमधले थोडके आवश्यक संदेश द्यायचे असतील तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत जोड, म्हणजे निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडताना खळखळ होणार नाही. कोणता संदेश आवश्यक, याची कसोटी सोपी आहे. मुलीच्या आठवड्याबद्दल त्यातून काही कळते का ते पाहा. पत्नी तुला काय म्हणाली, हे त्या कसोटीत बसत नाही.

आता जड विषय. तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही अर्ज केला आहे, असे तू ओझरते लिहून पुढे सरकलास. ते ओझरते लिहिण्यासारखे नाही. त्या अर्जाला त्याच प्रकरणात, परिच्छेदागणिक उत्तर दे. त्या कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारीही मुलाचा तात्पुरता ताबा आणि भेट यांचा निर्णय करू शकतात आणि भेट अपायकारक वाटली तर नाकारूही शकतात, हे लक्षात ठेव. त्यातली एखादी गोष्ट खरी असेल तर माझ्याशी शब्दांचे खेळ करू नकोस आणि न्यायालयाशीही नको. आधी स्वतःवर उपाय कर, भेट त्यानंतर माग. खरी नसेल तरीही सुरुवातीला न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, कोणाच्या तरी देखरेखीखाली भेट देऊ केली, तर ती नाक न मुरडता घे. तिथे अपमान वाटतो. वाटू दे. मुलीला ती खोली फक्त खेळण्यांची खोली वाटते, जोवर तू चेहरा पाडून बसत नाहीस.

‘बापांना न्यायालयात कोणी वाली नाही’ हे वाक्य तू दोनदा लिहिले आहेस. तसे अनुभव येतात हे मला तुझ्याहून अधिक ठाऊक आहे. तारीख लागते, न्यायाधीश रजेवर असतात, प्रकरण तहकूब होते, समोरून म्हणणे दाखल होत नाही, आणि बाप बाकावर बसून राहतो. पण ते वाक्य अर्जात घालून आजवर एकाही मुलाची भेट झालेली मी पाहिलेली नाही. ते मित्रांमध्ये बोल.

आदेश झाला आणि तरी दार उघडले नाही, असेही होईल. दारात आवाज चढवू नकोस, व्हिडिओ काढत उभा राहू नकोस. मुलगी पडद्याआडून पाहत असते. ठरलेल्या वेळी पोच, पंधरा-वीस मिनिटे थांब, एक साधा निरोप पाठव की मी आलो होतो, आणि परत जा. त्याच रात्री वहीत तारीख व वेळ लिही. पुढच्या तारखेला पुरसीस (लेखी निवेदन) देऊन ते रेकॉर्डवर आण. पुन्हा पुन्हा झाले तर अंमलबजावणीची दरखास्त कर. चुकलेल्या भेटीच्या बदल्यात लगतचा शनिवार मिळावा, अशी ओळ मूळ अर्जातच मागून ठेव. मी ती मागितली होती, आणि तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याच ओळीचा झाला नाही. अंतरिम आदेश मनासारखा नसला तर लगेच उच्च न्यायालयाच्या वाटेला लागू नकोस. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ खाली अशा आदेशावर अपील नाही, आणि त्याच न्यायालयात बदल मागणे बहुधा लवकर पार पडते.

येत्या तारखेला तुम्हा दोघांना बहुधा समुपदेशकांकडे पाठवतील, कारण तडजोडीचा प्रयत्न करणे कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ ने न्यायालयावर बंधनकारक केले आहे. तिथे तुला पुन्हा एकदा सगळी हकिगत सांगण्याची उबळ येईल. ती आवर आणि सात रकान्यांचा कागद टेबलावर ठेव. पत्नीला पेन दे. कोणत्या चौकटीत तू चालशील हे तिला दाखवू दे; तिने एक जरी चौकट भरली तर तेवढी तिथेच दोघांच्या सह्यांनिशी लिहून घे आणि उरलेल्यांवर पुढच्या वेळी बोल. बाहेर पडण्यापूर्वी रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, काय लिहिले गेले ते वाच, आणि नकलेचा अर्ज त्याच दिवशी दे. उद्यावर टाकलेली नक्कल महिना खाते.

कळावे.

तुझा,
एक वडीलधारा मित्र