फोटोतल्या गाडीची स्प्रिंग बघा

प्रश्न : आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर पणजोबा मोटारीत बसलेत, असा फोटो ट्रंकेत सापडला. मागे पेन्सिलीने 'दिवाळी १९१२' एवढंच लिहिलंय. घरात सगळे म्हणतात, त्या काळी फोर्डच असणार. मला खात्री वाटत नाही. फोटोची प्रत सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : ताई, तुमची शंका बरोबर आहे. ही फोर्ड नाही.

माझे वडील नाना पेठेत एका गॅरेजात फिटर होते. ते सांगायचे, जुनी गाडी ओळखायची तर तिच्या तोंडाकडे बघू नकोस, वाकून खाली बघ. तोंडावरचं पितळ बहुतेक विकतचं असतं. त्या काळातल्या छोट्या कंपन्या दिवे एकाकडून, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) दुसऱ्याकडून, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) तिसऱ्याकडून आणून गाडी जुळवत. एकच दिवा दहा कंपन्यांच्या गाड्यांवर दिसतो. कित्येक वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला नुसत्या दिव्यावरून गाडीचं नाव सांगितलं होतं. त्यांनी ते फोटोच्या चौकटीवर पितळी पट्टीत कोरून घेतलं, आणि ते चुकीचं निघालं. त्याची बोच मला अजून आहे.

म्हणून तुमच्या फोटोत मी आधी पुढच्या चाकांमधली जागा भिंगाखाली धरली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तिथे एकच आडवा कमानपाटा असतो, धनुष्यासारखा. तुमच्या गाडीला पाटा नाहीच. पणजोबांच्या पायाखाली, चाकाच्या आतल्या बाजूला, वेटोळ्याची स्प्रिंग उभी दिसते. मागच्या चाकाजवळही तशीच. चारही बाजूंना वेटोळ्याच्या स्प्रिंगा असलेल्या गाड्या त्या काळात फार थोड्या. मग ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा कणा, बघितला. लोखंडी घडीव ॲक्सलला मधे पन्हळ असते, तिची सावली फोटोत येते. इथे सावली नाही. सरळ, जाड, चौकोनी दांडा आहे, बैलगाडीच्या कण्यासारखा. तो लाकडाचा आहे. मागच्या चाकाकडे जाणारी साखळीही ओझरती दिसते.

लाकडी ॲक्सल, चार वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि साखळी, हे तिन्ही एकत्र आलं की माझ्या मते एकच नाव उरतं : ब्रश रनअबाउट, डेट्रॉइटची.

ती काढली ॲलनसन ब्रश या माणसाने. कॅडिलॅकच्या सुरुवातीच्या एक सिलिंडरच्या इंजिनात त्याचा हात होता. १९०७ साली त्याची स्वतःच्या नावाची गाडी आली : एक सिलिंडर, दोन माणसं, किंमत बेताची. तिचं इंजिन इतरांच्या उलट दिशेला फिरायचं आणि मला त्यात त्या माणसाची कदर वाटते. तेव्हा हँडल मारून गाडी चालू करावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की उजव्या हाताने हँडल मारणाऱ्याचा अंगठा निखळे, कधी हात मोडे. ब्रशने फिरण्याची दिशाच बदलली, म्हणजे झटका बसला तरी उजवा हात वाचावा.

लाकडाची म्हणून तिला लेचीपेची समजू नका. १९१२ साली, तुमच्या फोटोच्याच वर्षी, फ्रान्सिस बर्टल्स आणि सिड फर्ग्युसन यांनी असलीच एक सिलिंडरची ब्रश फ्रीमँटलपासून सिडनीपर्यंत नेली. पश्चिमेकडून पूर्वेकडे मोटारीने ऑस्ट्रेलिया ओलांडणारे ते पहिले. गाडी बुडाली ती रस्त्यावर नव्हे, हिशेबाच्या वहीत. १९१० मध्ये ब्रश कंपनी युनायटेड स्टेट्स मोटर कंपनी या अनेक मोटार कंपन्यांच्या मोठ्या जुळणीत गेली, १९१२ मध्ये ती जुळणीच कोसळली. त्यातली मॅक्सवेल कंपनी तेवढी सावरली, ब्रशचं नाव लवकरच संपलं.

एक विनंती. मूळ फोटो मोठा स्कॅन करून मागच्या चाकाचा भाग मला पाठवा. साखळी दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसली, तर फोटोखाली नाव लिहायला माझी हरकत नाही. तोवर पेन्सिलीनेच लिहा.

प्रश्न : गावच्या गोठ्यात सापडलेल्या टायरवर ७१० × ९० लिहिलंय. गाडी फ्रेंच का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तेवढ्यावरून नाही सांगता येत. हे माप मिलिमीटरमध्ये आहे, बाहेरचा व्यास ७१० आणि जाडी ९०. पद्धत फ्रेंच, पण इंग्रज कारखानेही तीच वापरत. त्या काळच्या अमेरिकन टायरवर माप बहुतेक इंचात असे, म्हणून गाडी अमेरिकन असण्याची शक्यता कमी.

प्रश्न : जुन्या बाजारातून पितळी दिवा घेतला. त्यावर 'किंग ऑफ द रोड' असं आहे. या नावाची मोटार होती का?
– एक वाचक, रास्ता पेठ

उत्तर : नाही. हे बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांच्या दिव्यांचं नाव. तुमचा कार्बाइडचा असेल, तर खाली कार्बाइडचा डबा आणि वर पाण्याची टाकी सापडेल. थेंब थेंब पाणी पडून गॅस व्हायचा आणि तो पांढराशुभ्र जळायचा. चिंच-मीठ लावून घासू मात्र नका, कोरलेली अक्षरं झिजतात. आधी वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि ठसा घ्या. मग दिव्याच्या दोन्ही कुशी बघा. तिथे दुबेळक्यात (दोन फाट्यांच्या बेचक्यात) बसवायची सोय असेल तर तो बहुधा मोटारीचा. मागे एकच खाच असेल तर बहुधा सायकलचा.