घाटातली थरथर आणि नव्या डिस्कची निवड

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक साठ हजार किलोमीटर चालली आहे. बोरघाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाले म्हणतात, पुढच्या डिस्क वाकल्यात, भोकं आणि खाचा असलेल्या 'स्पोर्ट' डिस्क टाका. टाकाव्यात का? (वाचक, मुलुंड)

उत्तर: आधी मोजमाप, मग खरेदी. 'वाकलेली' डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते. मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी जाडी मोजायला सांगा. दोन शतांश मिलिमीटरचा फरकही स्टिअरिंगला जाणवतो. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. जाडी त्याखाली गेली असेल तर लेथवर घासून घेण्याचा विचारच नको, डिस्क बदला.

त्यानंतर डायल गेज (डोलणं मोजणारं काट्याचं उपकरण) लावून डिस्क फिरवा. डोलणं साधारण 0.05 मिलिमीटरच्या आत हवं. जास्त असेल तर डिस्क काढून हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, तोंडभाग बघा. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत तिथे गंजाची पापडी धरते. तिच्यावर बसलेली डिस्क किंचित तिरपी राहते, ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला (डिस्कला दाबून धरणाऱ्या पट्टीला) घासते आणि तिथे झिजते. म्हणूनच हब साफ न करता टाकलेली महागडी डिस्कही काही हजार किलोमीटरांनी पुन्हा थरथरू लागते. वायर ब्रशने हब चकचकीत करणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. चाकाचे नट इम्पॅक्ट गनने कसेही आवळले तरी हाच त्रास होतो. टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा.

आता भोकांबद्दल. 1200 किलोची गाडी ताशी 100 वरून थांबवली की सुमारे 460 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. खंडाळा ते खोपोली उतार सुमारे 500 मीटरचा. इंजिन आणि हवेचा रोध सोडला, तर तेवढ्यात अशा बारा थांब्यांची उष्णता तयार होते. ती साठवायला डिस्कमध्ये लोखंड लागतं आणि भोकं पाडून तेच कमी होतं. स्वस्त डिस्कमध्ये तर भोकांच्या कडेपासूनच तडे जातात. खाचांमुळे पाणी आणि पॅडची भुकटी लवकर निघते, पण पॅड भराभर झिजतात आणि घरघर ऐकू येते. रोजच्या गाडीला आमच्या मते दोन्ही नकोत.

घ्यायची ती मूळ व्यासाची, आतून हवेच्या मार्गिका असलेली, हाय कार्बन बिडाची, गंजरोधक थर दिलेली साधी डिस्क. दोन्ही बाजूंची जोडी एकदमच बदला, पॅडही नवे टाका. मुंबईत ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात घेतलीत तर पार्ट नंबर जुळवून, पक्क्या बिलावर घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर तेही बदला. डॉट 4 नवं असताना 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. घाटात पेडल मऊ पडतं ते यामुळे. त्यावर कुठलीही डिस्क इलाज नाही. आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.

बसवल्यावर नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. तापल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथेच पॅडचा थर चिकटतो. नंतर दहा मिनिटं ब्रेक फारसा न लावता चालवा.

प्रश्न: पावसाळ्यात सकाळी डिस्क तांबूस दिसते, खरखर येते. बदलू का? (वाचक, वसई)

उत्तर: नको. तो वरवरचा गंज आहे, चार-पाच ब्रेकमध्ये निघतो. आवाज दिवसभर राहिला तर मात्र पॅडची जाडी बघा. 3 मिलिमीटर उरली असेल तर पॅड बदला. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना अडकल्या असतील तर एकाच बाजूचं पॅड खाल्लं जातं. पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.