गुगलवर शोधायचे एक, उघडते भलतेच

या वेळची बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत: घरच्या संगणकावरचा ब्राउझर आपले ऐकत नाही. उत्तरे विंडोज १० आणि ११ वरील क्रोम धरून दिली आहेत. एज आणि ब्रेव्ह क्रोमच्याच पायावर उभे असल्यामुळे तिथेही थोड्याफार फरकाने हेच पर्याय सापडतील. आज्ञा आणि पत्ते इथे देवनागरीत छापले असले तरी टाइप इंग्रजीतच करायचे आहेत.

प्रश्न: पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली सारखे निरोप येतात: 'तुमच्या अँटिव्हायरसची मुदत संपली', 'पाच व्हायरस सापडले'. ज्या अँटिव्हायरसचे नाव येते ते आम्ही कधी घेतलेलेच नाही. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारावा लागेल. मारून घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर: नको. यात व्हायरस बहुधा नाहीच. एखाद्या साइटने 'तुम्ही रोबो नसाल तर अलाऊ दाबा' असे सांगितले आणि घरातल्या कोणीतरी ते दाबले. तेवढ्याने त्या साइटला ब्राउझरमार्फत सूचना पाठवायची परवानगी मिळते, आणि मग ती साइट बंद असतानाही सूचना येत राहतात. निरोपाची चौकट नीट पाहा. क्रोमच्या नावाजवळ बारीक अक्षरांत साइटचा पत्ता दिसेल. विंडोज सिक्युरिटीच्या खऱ्या सूचनेत कुठल्याही साइटचा पत्ता नसतो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडा. 'अलाऊड' यादीतल्या अनोळखी पत्त्यापुढचे तीन ठिपके दाबून 'ब्लॉक' करा. नुसते 'रिमूव्ह' केले तर तीच साइट पुन्हा विचारू शकते, म्हणून ब्लॉकच बरे. याच पानावर साइटना सूचना पाठवू न देण्याचा पर्याय वर आहे, तो निवडून टाका. वेबवरची ईमेल किंवा कॅलेंडर सोडले तर घरगुती वापरात या सूचनांवाचून कोणाचे काही अडत नाही. पाच मिनिटांचे काम आहे, त्यासाठी फॉरमॅटचे पैसे देऊ नका.

प्रश्न: गुगलवर काही शोधले की मध्येच दुसरा पत्ता चमकून जातो आणि याहूचे पान उघडते. एक अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) दिसते, पण त्याला 'रिमूव्ह'चे बटणच नाही. एकदा कसेबसे काढले, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते परत हजर. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असे येते. संगणक घरचा आहे, ऑफिसचा नव्हे. — एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. मोठ्या कंपन्यांना शेकडो संगणकांवर एकच एक्स्टेन्शन बसवता यावे आणि कर्मचाऱ्याला ते काढता येऊ नये, यासाठी क्रोममध्ये 'पॉलिसी'ची सोय आहे. ॲडवेअरवाले, म्हणजे जाहिराती लादणारे सॉफ्टवेअर पसरवणारे, तीच सोय वापरतात. त्यामुळे तुम्ही एक्स्टेन्शन काढता, क्रोम पॉलिसी वाचतो आणि ते पुन्हा बसवतो. दिसणारे एक्स्टेन्शन ही फांदी आहे. ते परत आणणारे मूळ पॉलिसीत किंवा एखाद्या नेमून ठेवलेल्या कामात असते, म्हणून कामाचा क्रम चुकवू नका.

आधी क्रोमचे सिंक, म्हणजे गुगल खात्यामार्फत सगळ्या संगणकांवर एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज सारखी ठेवणारी सोय, बंद करा. मग विंडोजच्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या एक-दोन दिवसांत काय काय बसले ते पाहा. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, व्हिडिओ डाउनलोडर, कुठलासा 'सर्च असिस्टंट' अशी मंडळी तिथे सापडतात. तुम्ही स्वतः बसवले नसेल ते काढा. काढताना 'आमचे अमुक तरी ठेवा' अशी विनवणी करणाऱ्या खिडक्या येतील. त्यांत ठळक रंगाचे बटण बहुधा ठेवण्याचे असते, काढण्याचे फिक्या अक्षरांत असते.

आता ॲड्रेस बारमध्ये क्रोम://पॉलिसी टाइप करा. घरच्या संगणकावर ही यादी शक्यतो रिकामी असते. काही सुरक्षा सॉफ्टवेअर स्वतःची पॉलिसी टाकतात, तेवढा अपवाद. तिथे 'एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट' दिसले, किंवा 'डिफॉल्टसर्चप्रोव्हायडर'ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या, की चोर सापडला. फोर्सलिस्टमधली ३२ अक्षरांची खूण त्या एक्स्टेन्शनची असते. एक्स्टेन्शनच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू केला की तीच खूण दिसते, ताडून पाहा.

ही पॉलिसी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत, असते. स्टार्टमधून 'रजिस्ट्री एडिटर' उघडून 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'पॉलिसीज', 'गूगल', 'क्रोम' या वाटेने जा. 'क्रोम'वर उजवी क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करा, म्हणजे चूक झाली तर परत आणता येईल, आणि मग तो फोल्डर काढा. हीच वाट 'एचकी करंट युजर'खालीही तपासा. पुष्कळ जण पहिलीच साफ करून थांबतात. मग पॉलिसीच्या पानावर 'रीलोड पॉलिसीज' दाबले की यादी रिकामी व्हायला हवी. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र यातले काही करू नका. तिथली पॉलिसी खरीच असते.

रजिस्ट्रीची धास्ती वाटत असेल तर मालवेअरबाइट्सचे ॲडवक्लीनर वापरा. ते फुकट आहे आणि इन्स्टॉल करावे लागत नाही. फाइल उघडायची, स्कॅन करायचा, सापडलेले 'क्वारंटाइन' करायचे, संगणक पुन्हा सुरू करायचा. त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी, प्रॉक्सी आणि होस्ट्स फाइल मूळ पदावर आणण्याचे वेगवेगळे पर्याय आहेत. ते आपोआप चालू असतीलच असे धरू नका, स्कॅनआधी स्वतः चालू करा. अनेकांचे 'ॲडवक्लीनर चालवूनही गेले नाही' इथेच अडकलेले असते.

तरीही परत आले, तर नेमून ठेवलेली कामे दाखवणारे 'टास्क शेड्युलर' उघडा. २०२२ मध्ये पसरलेल्या क्रोमलोडर या घातक सॉफ्टवेअरची हीच तऱ्हा होती: फुकट गेम किंवा क्रॅक म्हणून आयएसओ फाइल द्यायची आणि ती उघडणाऱ्याच्या संगणकावर पॉवरशेलचे (विंडोजला आज्ञा देण्याच्या साधनाचे) एक काम नेमून ठेवायचे. ते काम ठरावीक वेळाने एक्स्टेन्शन पुन्हा चढवत असे. एक्स्टेन्शनचे पान उघडायला गेले की ते सेटिंग्जच्या पानावर ढकलून देई, इतका आगाऊपणा. 'ॲक्शन्स' या टॅबमध्ये पॉवरशेल किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट, आणि पुढे 'ॲपडेटा'मधल्या फाइलचा पत्ता किंवा अर्थहीन अक्षरांची लांब रांग दिसली तर ते काम आधी 'डिसेबल' करा. दोन दिवस सगळे ठीक चालले तर मग काढा. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधल्या कामांना हात लावू नका.

एवढे झाल्यावर एक्स्टेन्शन काढा आणि क्रोमच्या सेटिंग्जमधून 'रीसेट' करा. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज जातात, त्यामुळे साइटवर पुन्हा लॉगिन करावे लागेल. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधली 'टार्गेट' ओळही वाचा. 'क्रोम.ईएक्सई' आणि अवतरणचिन्ह यांच्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा.

सिंक सगळ्यात शेवटी चालू करायचे, तेही घरातले बाकीचे संगणक तपासल्यावर. फॉरमॅट मारूनही एक्स्टेन्शन परत आले असे सांगणारे असतात. ते गुगल खात्यातून सिंक होऊन आलेले असते.

प्रश्न: घरातल्या संगणकावर, दोन्ही मोबाइलवर आणि टीव्हीवरसुद्धा मध्येच जुगाराच्या साइट उघडतात. स्कॅनमध्ये काही सापडत नाही. — एक वाचक, नागपूर

उत्तर: सगळ्या उपकरणांत एकच रोग असेल तर राउटर पाहा. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर त्याच साइट उघडा. तिथे सुरळीत चालले तर राउटरमधला डीएनएस बदलला गेल्याचा संशय पक्का होतो. डीएनएस म्हणजे साइटच्या नावाचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. ती परक्याच्या हातात गेली की तो सांगेल त्या दारात तुम्ही पोचता. डीएनएसचेंजर हे घातक सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या टोळीने असेच ४० लाखांवर संगणक वळवले होते. २०११ मध्ये एस्टोनियात त्यांना अटक झाली, आणि त्यांच्या जागी तात्पुरते चालवलेले सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद केले तेव्हा अजून साफ न झालेल्या संगणकांचे इंटरनेटच थांबले.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राउटर उघडा. नक्की पत्ता राउटरच्या खालच्या लेबलावर असतो. 'वॅन' आणि 'डीएचसीपी' या दोन्ही ठिकाणचे डीएनएस बघा. अनोळखी आकडे असतील तर 'ऑटोमॅटिक' करा, किंवा १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड बदला, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा, फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. त्यानंतर संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवा आणि मोबाइल एकदा बंद करून चालू करा.

रीसेटचे बारीक भोक टाचणीने दाबायची घाई मात्र नको. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत कंपनीचे युजरनेम आणि पासवर्ड त्या डब्यातच भरलेले असतात. ते पुसले गेले की लाइनमन येईपर्यंत घर इंटरनेटविना. आधी सेवा देणाऱ्याकडून ती माहिती लिहून घ्या.

आणि हा त्रास फक्त फुकट क्रिकेट किंवा सिनेमे दाखवणाऱ्या साइटवरच होत असेल तर राउटरही निर्दोष आहे. त्या साइट स्वतःच पहिल्या क्लिकला जाहिरात उघडतात.

प्रश्न: वडिलांच्या संगणकावर अचानक पूर्ण पडदाभर लाल इशारा, भोंगा आणि 'मायक्रोसॉफ्ट'चा फोन नंबर आला. त्यांनी फोन केला आणि सांगितलेले एक ॲपही बसवले. — एक वाचक, मडगाव

उत्तर: संगणकाचे इंटरनेट आत्ताच तोडा. त्या काळात बँकेचे पान उघडले असेल किंवा पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. दूरनियंत्रणाचे ते ॲप काढा, विंडोज सिक्युरिटीतून 'ऑफलाइन स्कॅन' करा (संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, साधारण १५ मिनिटे लागतात) आणि ईमेलचा व बँकेचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

इशारा स्वतः म्हणजे एक वेबपान असते, बाकी काही नाही. 'एस्केप' कळ काही सेकंद दाबून धरली की पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर' दाबू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. वडिलांना एवढे एकच वाक्य पाठ करायला सांगा.

प्रश्न: जाहिराती अडवणारे कोणते एक्स्टेन्शन विश्वासाचे? पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यावे का? — एक वाचक, बडोदे

उत्तर: फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन. क्रोमच्या बदललेल्या नियमांमुळे ते तिथे आता चालत नाही, त्याच कर्त्याचे यूब्लॉक ओरिजिन लाइट चालते. मिळत्याजुळत्या नावांची नक्कल पुष्कळ आहे, तेव्हा बनवणाऱ्याचे नाव वाचूनच बसवा. एक्स्टेन्शन मोजकीच ठेवा. आज चांगले असलेले उद्याही तसेच राहील याची हमी नसते: ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये विकले गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून बंद केले.

घरगुती वापराला विंडोजचे डिफेंडर पुरते, मात्र एक खटका तपासा. विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', तिथे 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आणि त्यात 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू हवे. ॲडवेअर कायद्याच्या काठावर चालते. 'तुम्हीच होकार दिला होता' असा त्याचा दावा असतो, म्हणून ते व्हायरसच्या यादीत न येता या वेगळ्या यादीत येते.

प्रश्न: हे मुळात शिरते कुठून? आम्ही तर फक्त मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर उतरवले होते. — एक वाचक, सोलापूर

उत्तर: तिथूनच. फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये दुसरे काहीतरी गुंडाळून देणे हा जुना धंदा आहे. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने उघड केलेले फायरबॉल हे ॲडवेअर असेच पसरले होते. त्यांच्या अंदाजाने जगात २५ कोटी आणि भारतात अडीच कोटींवर संगणक बाधित होते. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला म्हटला, पण पसरण्याच्या रीतीबद्दल वाद नव्हता. इन्स्टॉल करताना 'एक्स्प्रेस' न निवडता 'कस्टम' निवडा आणि नको त्या खुणा काढा. गुगलवर शोधल्यावर सगळ्यात वर येणारा निकाल जाहिरात असू शकतो, खाली उतरून बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर जा.

मराठी टायपिंगला तर काही उतरवायची गरजच नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली भाषांचे पान उघडून मराठी जोडा, आणि तिच्या पर्यायांत 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्या. २०१९ पासून तो विंडोजसोबतच येतो. 'नमस्कार' रोमन अक्षरांत लिहा, देवनागरीत उमटते.

एक नवी चाल २०२४ पासून फोफावली आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून पान सांगते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. हे ॲडवेअरपेक्षा वाईट, कारण बहुधा साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरले जातात. असे कोणी केले असेल तर इंटरनेट तोडा, ऑफलाइन स्कॅन करा आणि मोबाइलवरून गुगल खात्याच्या 'युअर डिव्हायसेस'मध्ये जाऊन त्या संगणकाला साइन आउट करा. मगच पासवर्ड बदला, आणि पहिला ईमेलचा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात.